नाथानाची मेंढी, किंवा उपदेशांत अलंकार कशासाठीं

(२ शमुवेल, अध्याय १२, वचनें १ ते १५)

सभेंत उभें राहून बोलणाऱ्यानें उपमा, दृष्टांत, प्रश्न, पुनरुक्ति इत्यादि अलंकारांचा उपयोग करावा कीं न करावा, ह्याविषयीं आपल्या मंडळ्यांत दोन मतें ऐकूं येतात. कित्येक भाविक जन म्हणतात कीं, देवाचें वचन स्वयंप्रकाशी आहे. त्याला अलंकारांनीं सजविणें म्हणजे सूर्याला समई दाखविणें होय. दुसरे म्हणतात कीं, खेड्यांतील माणूस दिवसभर शेतांत राबून उपासनेस येतो. त्याच्यापुढें कोरडें निरूपण मांडलें तर तो घटकाभरांत पेंगूं लागतो. तेव्हां उपदेश रंगलाच पाहिजे. पहिल्या पक्षाचा हेतु पवित्र आहे. तथापि त्यांच्या बोलण्यांत एक मौज आहे. अलंकार नकोत हें सांगण्यास त्यांना सूर्य आणि समई ह्यांचा अलंकारच हातीं घ्यावा लागला! ह्यावरून उघड होतें कीं, माणूस मनापासून बोलूं लागला म्हणजे अलंकार त्याच्या जिभेवर आपोआप येतात. म्हणून अलंकार वापरावे कीं नाहीं हा खरा प्रश्न नव्हे. ते कोणासाठीं वापरावे, वक्त्याच्या शोभेसाठीं कीं श्रोत्याच्या हितासाठीं, हा प्रश्न आहे. आणि त्याचें उत्तर आपण नाथान संदेष्ट्यापासून शिकूं या.

दावीद राजाचें पाप वाचकांस ठाऊक आहेच. आपला एकनिष्ठ शिपाई उरीया रणांत असतां राजानें त्याच्या बायकोस आपल्या वाड्यांत आणविलें, आणि तें झांकण्यासाठीं उरीयाला लढाईच्या तोंडीं देऊन मारविलें. पुढें रीतीप्रमाणें शोक संपला, लग्न लागलें, मूल जन्मास आलें. म्हणजे बरेच महिने लोटले होते. राजा सिंहासनावर बसून लोकांचा न्याय करीत होता, आणि स्वतःचा न्याय करण्याचें मात्र त्याला सुचत नव्हतें. अशा राजाकडे देवानें नाथानास पाठविलें. काम सोपें नव्हतें. ज्यानें एकाचा जीव घेऊन गुपित राखिलें, त्याला दुसऱ्याचा घेणें अवघड नव्हतें. शिवाय नाथान एकदम राजाच्या पापाचा उच्चार करता, तर राजाजवळ शंभर सबबी तयार असत्या. आपणां सर्वांचा अनुभव हाच आहे. आरोप येतांना दिसला कीं मन आधीं कवाड लावून घेतें.

म्हणून नाथानानें एक गोष्ट सांगितली. एका नगरांत दोन माणसें होतीं, एक धनवान व एक गरीब. धनवानाजवळ मेंढरांचे व गुरांचे कळप होते. गरिबाजवळ विकत घेऊन पोसलेली एकच लहान मेंढी होती. ती त्याच्या मुलांबरोबर वाढली. ती त्याच्या ताटांतलें खाई, त्याच्या पेल्यांतलें पिई, त्याच्या कुशींत निजे. त्याला ती पोटच्या लेकीसारखी होती. एके दिवशीं धनवानाकडे पाहुणा आला. स्वतःच्या कळपांतलें जनावर घेणें धनवानाच्या जिवावर आलें, आणि त्यानें गरिबाची ती मेंढी नेऊन पाहुण्यास रांधून घातली. गोष्ट एवढीच. ती सांगावयास दोन मिनिटेंहि लागत नाहींत.

परंतु ह्या लहानशा गोष्टींत वक्तृत्वाचीं किती साधनें आहेत तें पाहा. पहिलें साधन विरोधाचें. पुष्कळ आणि एक ह्या दोन गोष्टी शेजारीं ठेवतांच अन्याय डोळ्यांपुढें उभा राहतो. अन्याय हा शब्दहि उच्चारावा लागत नाहीं. दुसरें साधन, ज्याला आपले साहित्यशास्त्रज्ञ स्वभावोक्ति म्हणतात, तें. म्हणजे वस्तु जशी असते तशी बारकाव्यानें वर्णन करणें. धनवानाची संपत्ति एका वाक्यांत आटोपली. मेंढीसाठीं मात्र ताट, पेला, कूस आणि लेक इतकीं चित्रें खर्चिलीं. श्रोत्याचें मन जेथें थांबावें असें नाथानास वाटलें, तेथेंच तो स्वतः थांबला. तिसरें साधन अन्योक्तीचें. बोलणें एकाविषयीं आणि रोख दुसऱ्याकडे.

आणि चौथें, सर्वांत मोठें, दृष्टांताच्या निवडीचें. नाथानानें मेंढीच कां निवडली? दावीद हा मूळचा बेथलेहेमचा मेंढपाळ. बापाच्या कळपांतलें कोकरूं वांचविण्यासाठीं सिंहाच्या व अस्वलाच्या अंगावर धांवून गेलेला तो मुलगा होता. राजाचें मन निबर झालें होतें. पण त्या मेंढपाळ मुलाचें मन त्याच्या आंत अजून जिवंत होतें. नाथानानें नेमका त्यालाच हात लाविला. म्हणून राजा भडकून उठला, त्या मनुष्यास मरणाची शिक्षा योग्य आहे असें बोलला, आणि मेंढीची चौपट भरपाई ठरवून मोकळा झाला. निकाल त्याच्याच तोंडून पडला.

त्या क्षणीं नाथानानें सर्व अलंकार खालीं ठेविले. तो धनवान दुसरा कोणी नसून राजा स्वतःच आहे, हें त्यानें सरळ तोंडावर सांगितलें. इब्री भाषेंत तें वाक्य अवघ्या दोन शब्दांचें आहे. मग उरीयाचें नांव, तरवारीचें नांव, सर्व त्यानें उघड उच्चारिलें. दृष्टांत हें दार होतें. दाराशींच रेंगाळून त्याच्या नक्षीचें कौतुक करून घेण्यास नाथान आला नव्हता. दार उघडलें, तो आंत गेला, आणि ज्या कामासाठीं आला होता तें त्यानें केलें. राजानें आपलें पाप कबूल केलें.

हीच रीत आमोस संदेष्ट्यानें पुनरुक्तीनें साधिली. तो तकोवाचा मेंढपाळ, उंबराच्या झाडांची निगा राखणारा. संदेष्ट्यांच्या घराण्यांत वा शाळेंत वाढलेला नव्हे. इस्राएल लोकांपुढें उभा राहून त्यानें शेजारच्या राष्ट्रांचीं पापें मोजावयास आरंभ केला, आणि प्रत्येक वेळीं एकाच ठरीव वाक्यानें सुरुवात केली. प्रथम दिमिष्क, मग गज्जा, सोर, अदोम, अम्मोन, मवाब. ऐकणारे खूष होत असतील. शत्रूचीं पापें ऐकावयास कोणाला कंटाळा येतो? सातव्या खेपेस तेंच वाक्य भाऊबंद यहूदावर आलें. आठव्या खेपेस तें इस्राएलावर, म्हणजे समोर बसलेल्यांवर आलें, आणि मग आमोस तेथेंच ठाण मांडून बोलत राहिला. वारंवार येणारें तें वाक्य कानांस गोड लागावें म्हणून नव्हतें. गोफण जशी फिरवून फिरवून मग सोडतात, तसें तें होतें. आपल्यांतील जे उपदेशक बंधु फार शिकलेले नाहींत, त्यांनीं ह्या मेंढपाळाकडे पाहून धीर धरावा. अलंकार हे शाळेंतच मिळतात असें नाहीं. रानांत, शेतांत आणि बाजारांत ते विपुल पडलेले आहेत.

येथें एक धोक्याची सूचना देणें अगत्याचें आहे. आपल्याकडे लेकी बोले सुने लागे अशी म्हण आहे. सासू लेकीला रागें भरते, आणि बोल सुनेला झोंबतात. नाथानाची अन्योक्ति आणि ही रीत बाहेरून सारखीं दिसतात, पण आंतून त्यांच्यांत आकाशपाताळाचें अंतर आहे. सासू चारचौघांत बोलते; नाथान दावीदाकडे स्वतः चालत गेला. सासू स्पष्ट कधींच बोलत नाहीं, म्हणजे उद्यां कानांवर हात ठेवावयास बरें. नाथानानें शेवटीं जीव धोक्यांत घालून स्पष्ट सांगितलें. सासूस जखम करावयाची असते. नाथानास जखम धुवावयाची होती. राजानें पाप कबूल करतांच क्षमेचा निरोपहि त्याच मुखानें दिला. पापाचें फळ राजास भोगावें लागलें, तें मूल वांचलें नाहीं. पण पुढें दुसरा मुलगा जन्मला तेव्हां त्याच्यासाठीं देवानें दिलेलें यदीद्या हें नांव घेऊन नाथानच आला.

बंधूंनो, हें आम्ही कां सांगतों? आपल्या लहान लहान मंडळ्यांत तट पडतात. शनिवारीं बांधावरून, निवडणुकीवरून किंवा सोयरिकीवरून भांडण होतें; रविवारीं उपदेशक असें वचन निवडतो आणि असा दृष्टांत देतो कीं, सर्वांचे डोळे एकाच कुटुंबाकडे वळतात. कोणाचें नांव घेतलेलें नसतें. भाषण मोठें चतुर होतें. परंतु तो उपदेश नव्हे; पवित्र पुस्तकाच्या आडून मारलेला तो दगड होय. त्या कुटुंबांतील म्हातारी पुढल्या रविवारीं येत नाहीं, तिचीं नातवंडें रविवारच्या शाळेस येत नाहींत, आणि दोन वर्षांनीं आपण विचारतों कीं मंडळी ओस कां पडली. बंधु चुकला असेल तर प्रथम एकट्यानें त्याच्याकडे जाण्याची आज्ञा प्रभूनें मत्तयाच्या अठराव्या अध्यायांत दिली आहे. जें घरीं जाऊन सांगण्याचें धैर्य आपल्याला नाहीं, तें सभेंत अलंकाराच्या पडद्याआडून सांगूं नये.

कोणी विचारील, पौल प्रेषितानें तर करिंथकरांस लिहितांना वक्तृत्वाच्या थाटाचा स्पष्ट त्याग केला आहे, त्याचें काय? होय, केला आहे. आणि कां केला तें त्याच पत्रावरून समजतें. त्या नगरांत उपदेशकांच्या नांवांवर पक्ष पडले होते. एक म्हणे मी पौलाचा, दुसरा म्हणे मी अपुल्लोसाचा. श्रोते वधस्तंभाकडे पाहावयाचें सोडून बोलणाऱ्यांची तुलना करीत बसले होते. तो थाट पौलानें टाकला. परंतु त्याच पत्राच्या तेराव्या अध्यायांत, प्रीतीवांचून वाणी कशी होते हें सांगतांना, त्यानें वाजणाऱ्या थाळीची आणि झांजेची उपमा दिली आहे. अलंकार त्यानें टाकला नाहीं. प्रीतीच्या चाकरीस लाविला.

हा भेद ज्यानें पुरतेपणीं ओळखिला असा एक पुरुष मंडळीच्या इतिहासांत होऊन गेला. आफ्रिकेंतील आगस्तीन (इ. स. ३५४ ते ४३०) हा ख्रिस्ती होण्यापूर्वीं वक्तृत्वशास्त्राचा शिक्षक होता, आणि इ. स. ३८४ त त्याच कामावर इटलींतील मिलान शहरीं आला. तेथें अँब्रोज नांवाचे बिशप उपदेश करीत. आगस्तीन त्यांचें ऐकावयास जाई तो सत्यासाठीं नव्हे. त्यांच्या वाणीची कीर्ति खरी आहे कीं खोटी हें पारखण्यासाठीं. परंतु ज्या शब्दांवर तो लुब्ध झाला त्या शब्दांबरोबर, ज्याची त्याला पर्वा नव्हती तो अर्थहि त्याच्या मनांत शिरूं लागला. इ. स. ३८७ त त्याच अँब्रोजच्या हातून त्याचा बाप्तिस्मा झाला. पुढें तो हिप्पो नगराचा बिशप झाला, आणि ख्रिस्ती शिकवणीविषयीं त्यानें चार भागांचा ग्रंथ लिहिला. त्यांतील चौथा भाग त्यानें उतारवयांत, इ. स. ४२६ च्या सुमारास, पुरा केला. तो सर्व उपदेशकाच्या बोलण्याविषयीं आहे. रोमी वक्ता सिसरो ह्याचें मत घेऊन तो सांगतो कीं, बोलणाऱ्याचीं कामें तीन: शिकविणें, मन रिझविणें आणि अंतःकरण हालविणें. सत्य कळलें नाहीं तर बाकीचें व्यर्थ. कळलें पण लक्ष टिकलें नाहीं तरी व्यर्थ. आणि कळून, गोड लागूनहि माणूस उठून चालूं लागला नाहीं, तर तेंहि अपुरेंच.

त्याच भागांत त्यानें एक हकीकत दिली आहे. मौरेतानिया प्रांतांत कैसरीया नांवाचें शहर होतें. (हें पालेस्तिनांतील कैसरीया नव्हे, तें आजच्या अल्जीरियांत समुद्रकांठीं असून त्याला आतां शेर्शेल म्हणतात.) तेथें पूर्वापार एक भयंकर चाल होती. वर्षांतील ठरलेल्या वेळीं शहरचे लोक दोन तट करून कित्येक दिवस एकमेकांवर दगड घेऊन तुटून पडत. शेजारी शेजाऱ्यावर, भाऊ भावावर, बाप लेकावर. आणि ज्याच्या हातून जो मरेल तो मरे. इ. स. ४१८ त आगस्तीन तेथें गेला असतां ही चाल मोडण्यासाठीं तो त्या लोकांपुढें बोलला. त्यानें आपली सारी वक्तृत्वशक्ति पणास लाविली. लोकांनीं वाहवा केली. परंतु वाहवा ऐकून काम झालें असें त्याला वाटलें नाहीं. त्यांना समजलें आणि आवडलें, एवढेंच त्यावरून कळलें. पुढें त्यांच्या डोळ्यांत आसवें आलीं, तेव्हां त्याला वाटलें कीं आतां ही चाल मोडली. आणि त्यानें देवाचे आभार मानिले. हें लिहितांना तो नमूद करतो कीं, त्या गोष्टीस आठ वर्षें किंवा अधिक झालीं, आणि तेथें तसें पुन्हा कांहीं घडलेलें नाहीं.

वाहवा, आसवें, आणि आठ वर्षें: बंधूंनो, ह्या तीन मापांत उपदेशाचें खरें माप तिसरें होय. वाहवा घटकेंत विरते. आसवेंहि सुकतात, कित्येक वेळां तीं केवळ स्वराच्या चढउतारानें काढतां येतात. परंतु दगड उचलणारा हात आठ वर्षें खालीं राहिला, हें भाषणाच्या कौशल्याचें फळ नव्हे. देवाच्या आत्म्याचें काम आहे. कौशल्य त्या आत्म्याच्या हातीं दिलेलें हत्यार होतें.

आतां खेड्यापाड्यांतून सेवा करणाऱ्या आमच्या उपदेशक बंधूंस व भगिनींस दोन चार व्यवहाराच्या सूचना.

दृष्टांत श्रोत्यांच्या जगण्यांतून घ्यावा. आपल्या प्रभूनें गालीलाच्या लोकांस पेरणारा, खमीर, जाळें आणि दिवा दाखविले. परंतु दृष्टांतहि शिळा होतो. विहिरीवरची मोट एके काळीं उत्तम उपमा होती. पण ज्या मुलानें बटण दाबून पंप सुरू होतांनाच पाहिला आहे, त्याला आधीं मोट समजावून सांगावी लागते. आणि जो दिवा पाहण्यास दुसरा दिवा लागतो तो काय उजेड देणार? उपदेशकानें गेल्या आठवड्यांत आपल्या गांवांत डोळे उघडे ठेवून हिंडावें. दुकानदाराची उधारीची वही, पावसाची वाट पाहणारें ढेकळांचें रान, शहरीं गेलेल्या मुलाच्या फोनची वाट पाहणारी आई: रविवारचा दृष्टांत तेथें उभा असतो.

एका सत्यास एक दृष्टांत पुरे. नाथानानें दुसरी गोष्ट सांगितली नाहीं. आपल्या महाराष्ट्रांतील कीर्तनांत पूर्वरंगांत सिद्धांताचें निरूपण होतें, आणि उत्तररंगांत त्याच सिद्धांतावर आख्यान लागतें. ही शिस्त चांगली आहे. एकोणिसाव्या शतकांत अहमदनगरच्या (आतांच्या अहिल्यानगरच्या) ख्रिस्ती मंडळींनीं कीर्तनाची रीत घेतली, ती ह्याच शिस्तीसाठींहि घेण्याजोगी होती. आख्यान सिद्धांतास सोडून पळालें कीं तमाशा होतो.

प्रश्न विचारल्यावर थांबावें. चांगल्या शोमरोन्याची गोष्ट सांगून प्रभूनें त्या शास्त्र्याला विचारिलें कीं तिघांपैकीं शेजारी कोण ठरला. आणि उत्तर त्या शास्त्र्यासच द्यावें लागलें. आपण प्रश्न विचारतों आणि श्वास न घेतां उत्तरहि देतों. मग श्रोत्याचें मन कशाला उठेल?

अतिशयोक्ति फार जपून वापरावी. डोळ्यांतील मुसळाची गोष्ट ऐकून कोणी खरेंच मुसळ शोधीत नाहीं. तेथें फसवणूक नाहीं. परंतु साक्ष देतांना दहांचे शंभर करणें, आजार होता त्याहून मोठा सांगणें, हा अलंकार नव्हे. खोटी साक्ष आहे. तसेंच ध्वनिक्षेपक मोठा केल्यानें वचन मोठें होत नाहीं.

आणि शेवटचें, जें आगस्तीनानेंहि बजाविलें आहे: उपदेशकाचें वर्तन त्याच्या वाणीहून अधिक बोलतें, आणि बोलण्यापूर्वीं त्यानें प्रार्थना करावी. ज्याला शब्दांची देणगी थोडी आहे, त्याचें जीवनच त्याचा अलंकार होऊं शकतें. परंतु ज्याच्या घरांतील माणसें त्याच्या उपदेशास हंसतात, त्याच्या उपमा सोन्याच्या असल्या तरी खोट्या नाण्यासारख्या परत येतात.

म्हणून प्रिय बंधुभगिनींनो, अलंकारांस भिऊं नका आणि त्यांस भुलूंहि नका. उपासना संपल्यावर कोणी आपणांस म्हटलें कीं, आज काय सुंदर बोललांत, तर नम्रतेनें देवाचे आभार माना. पण तेवढ्यावर निजूं नका. एखादा मनुष्य कांहीं न बोलतां उठला आणि ज्या भावाशीं तो बोलत नव्हता त्याच्या दाराशीं गेला, असें पुढें कधीं आपल्या कानीं आलें, तर समजा कीं मेंढीची गोष्ट तिच्या ठिकाणीं पोहोंचली. आणि कोणी आपल्याला तीच गोष्ट सांगावयास आला, तर दावीदाप्रमाणें ती ऐकण्याची कृपाहि देव आपणांस देवो. कारण जो सभेपुढें बोलतो, त्यालाहि एखाद्या नाथानाची गरज असतेच. आमेन.